ड्रॉइंग सर आणि बोलोन्याचा मास्तर

स्मरणिका समितीचं पत्र आलं. ‘शाळेने मला काय दिलं’ या विषयावर लिहा, शक्यतो सर्व शिक्षकांचा उल्लेख करा, अशी विनंती त्यात आहे. ती माझ्याकडून पाळली जाणार नाही. गणिताच्या बाईंविषयी, स्काउटच्या सरांविषयी, पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीविषयी बाकीच्यांनी लिहिलंच असेल, आणि माझ्यापेक्षा बरं लिहिलं असेल. मला शाळेने जॉर्जो मोरांदी हा इटालियन चित्रकार दिला. तो ड्रॉइंग सरांच्या हातून मिळाला, म्हणून हा लेख ड्रॉइंग सरांवर आहे, आणि मोरांदीवर थोडा जास्तच आहे. सर असते तर त्यांनी स्वतःचा भाग आणखी कापला असता.

वरच्या मजल्यावर टाकीशेजारची खोली सगळ्यांना आठवत असेल. तिथल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून एक छापील पान चिकटवलेलं होतं. कपाट उघडलं की दिसायचं. रॉकेलचा दिवा, बाटल्या, भांडी, सगळं टेबलावर दाटीवाटीने मांडलेलं, काळ्या रेघांनी भरलेलं. आम्हाला ते आपल्याच एखाद्या आजीच्या स्वयंपाकघरातलं वाटायचं. सर मुंबईला ड्रॉइंग मास्तरचा कोर्स करत होते तेव्हा फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना त्यांना एक पाठपुठ्ठा नसलेलं पुस्तक मिळालं. पुस्तक इटालियन, सरांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. चित्रं मात्र त्यांनी इतकी पाहिली की पानं सुटून आली. त्यांतलंच एक कपाटात लागलं. पुढे कुणाकुणाकडून इंग्रजी पुस्तकं मागवून त्यांनी या माणसाची माहिती जमवली आणि पुढची कित्येक वर्षं आम्हा पोरांना तुकड्यातुकड्याने पुरवली.

तुकड्यातुकड्याने म्हणजे खरोखर तशीच. एलिमेंटरीच्या तासाला तांब्याचं तोंड लंबगोल येईना म्हणून कुणी रडकुंडीला आलं की सर म्हणायचे, “अगं, मोरांदी मास्तर पन्नास वर्षं बाटल्याच काढत होता, तुझा आत्ता कुठे तिसरा आठवडा.” मग खोडरबर काढून घ्यायचे आणि एक गोष्ट सांगायचे. त्या सगळ्या गोष्टी जोडून मी इथे ओळीने लिहिते. चुका असतील तर माझ्या कानांच्या.

मोरांदीचा जन्म २० जुलै १८९० चा, बोलोन्या शहरातला. भावंडांत थोरला. वडिलांनी आधी स्वतःच्या कचेरीत लावून पाहिलं, पोरगं रमेना, तेव्हा १९०७ साली तिथल्याच कला अकादमीत घातलं. दोन वर्षांत वडील वारले. घरात आई आणि अन्ना, दीना, मारिया तेरेझा या तीन बहिणी. मोरांदीने लग्न केलं नाही, बहिणींनीही केलं नाही. १९१० साली व्हिया फोन्दात्सा या गल्लीत बिऱ्हाड आलं आणि १८ जून १९६४ रोजी तो गेला तोही त्याच गल्लीतल्या घरात. मधल्या काळात पहिल्या महायुद्धात त्याला सैन्यात बोलावलं होतं, पण काही आठवड्यांतच आजारी पडून घरी परतला. उन्हाळा आला की अपेनाईन डोंगरातलं ग्रिझ्झाना नावाचं खेडं, बाकी वर्षभर बोलोन्या. इटलीबाहेर त्याने पहिलं पाऊल ठेवलं ते १९५६ साली, वयाच्या पासष्टीत, स्वित्झर्लंडमधल्या विन्टरथूरला. उन्हाळ्यातल्या त्या ग्रिझ्झाना खेड्याने पुढे स्वतःच्या नावातच त्याचं नाव घालून घेतलं, आता ते ग्रिझ्झाना मोरांदी आहे.

सरांचा सगळ्यात आवडता भाग म्हणजे नोकरी. मोरांदी १९१४ पासून जवळजवळ पंधरा वर्षं बोलोन्याच्या प्राथमिक शाळांमध्ये चित्रकला शिकवत होता. “प्राथमिक शाळेत!” असं सर दोनदा म्हणायचे. मग १९३० साली त्याच अकादमीने, जिथे तो विद्यार्थी होता तिथल्याच, त्याला एचिंगच्या, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेघा उतरवून कागदावर छापायच्या कलेच्या, प्राध्यापकपदावर बोलावलं. स्पर्धा परीक्षा नाही, निवड समितीपुढे उभं राहणं नाही, केवळ ख्यातीवर नेमणूक. इथे सर टेबलावर थाप मारत आणि खडूची पूड उडे. तालुक्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तरला किती मान असतो हे तेव्हा आम्हाला कळत नव्हतं. स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवायला, फळ्यावर सुविचार लिहायला, पाहुण्यांच्या स्वागताचा फलक करायला ड्रॉइंग सर. ती थाप कशासाठी होती ते मला पुष्कळ उशिरा उमगलं.

त्या खुर्चीवर मोरांदी १९५६ पर्यंत राहिला, म्हणजे सव्वीस वर्षं. आणि गंमत अशी की त्याला स्वतःला एचिंग कुणी शिकवलंच नव्हतं. १९१२ साली पहिला पत्रा केला तो जुनी तंत्राची पुस्तकं वाचून आणि डच चित्रकार रेम्ब्रांचे छाप निरखून. आयुष्यभरात त्याने केलेली एचिंग्ज सुमारे १३०. त्यातली बहुतेक १९१२ ते साधारण १९३५ या काळातली. प्राध्यापक झाल्यावर पुढे पुढे स्वतःचं एचिंग कमी होत गेलं, रंगचित्रं वाढली. शिकवण्यात ते खर्च झालं की जे सांगायचं ते सांगून झालं होतं, यावर मी आणि सर पुढे पत्रांतून भांडलो. सरांचं मत पहिलं, माझं दुसरं. त्याच्या हाताखालून गेलेला लुचानो दे वीता पुढे त्याच अकादमीत एचिंग शिकवू लागला, हा सरांचा हुकमाचा पत्ता. मास्तराच्या हातून गेलेलं काम असं उगवतं, असं ते लिहायचे.

आता ती पत्र्याची गोष्ट. माझ्या वर्गातल्या चार-पाच जणांखेरीज कुणाला ठाऊक नसेल, कारण सरांनी ती मुख्याध्यापकांच्या कानावर जाऊ दिली नव्हती.

आम्ही इंटरमिजिएटला बसलो होतो. एके दिवशी कपाटातल्या पानाकडे बोट दाखवून मी विचारलं, “सर, ह्या रेघा पेनच्या आहेत का?” सर म्हणाले, “नाहीत. रेघ आम्लाने खाल्लेली आहे.” आम्हाला काहीच कळेना. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हाला बाजारपेठेतल्या ब्लॉकमेकरकडे नेलं. लग्नपत्रिकांचे गणपती आणि निवडणुकीची चिन्हं जस्ताच्या पत्र्यावर करून देणारं ते दुकान होतं. तिथून जस्ताची एक कातरण मिळाली, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. मेण, राळ आणि डांबर सरांनी घरी काकूंच्या जुन्या पातेल्यात वितळवून आणलं होतं. पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात गेलं नाही, एवढं आम्हाला काकूंकडून कळलं. पत्रा तापवून त्यावर तो लेप पसरला, मेणबत्तीच्या काजळीने काळा केला, आणि सरांनी टेबलावर तीन वस्तू ठेवल्या. शाईची दौत, दोऱ्याचं रीळ, खोकल्याच्या औषधाची बाटली.

एका टोकदार दाभणाने आम्ही पाळीपाळीने रेघा ओढल्या. अट एकच, वस्तूची कड काढायची नाही. सावली जिथे आहे तिथे आडव्या-उभ्या-तिरक्या बारीक रेघा एकमेकींवर घालायच्या, घोंगडीच्या विणीसारख्या, आणि उजेड जिथे आहे तिथे पत्र्याला हात लावायचा नाही. बाटली आपोआप दिसू लागते. मोरांदीची सगळी किमया याच्यातच आहे, त्याच्या चांगल्या एचिंगमध्ये वस्तूभोवती रेघ शोधून सापडत नाही. एका राखाडीशेजारी दुसरी राखाडी उभी राहते आणि दोघींच्या सीमेवर बाटली तयार होते. “पण सर, परीक्षेत कड नसली तर मार्क जातात,” असं एकाने म्हटलं. सर म्हणाले, “परीक्षेत कड काढ. इथे काढू नकोस.”

नायट्रिक आम्ल प्रयोगशाळेतून आलं. प्रयोगशाळेतले मामा स्वतःच बाटली घेऊन आले, कारण ती आमच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. पांढऱ्या चिनी मातीच्या थाळीत पाणी, पाण्यात आम्ल (उलट नाही, हे मामांनी तीनदा बजावलं), आणि त्यात पत्रा. रेघांवर बारीक बुडबुडे धरू लागले. ते तसेच राहिले तर रेघ वाकडीतिकडी खाल्ली जाते, म्हणून कोंबडीच्या पिसाने अलगद झाडायचे. पीस कुणी आणलं होतं ते मी लिहीत नाही, तो आता जिल्हा परिषदेत मोठ्या हुद्द्यावर आहे. मोरांदीची पुष्कळ कामं एकाच बुडीची असत, असं सर सांगत होते. आम्लात एकदाच ठेवायचं आणि काळा-करडा हा सगळा फरक रेघांच्या दाटीने साधायचा. आमच्याकडे दुसऱ्या बुडीइतकं आम्ल नव्हतंच.

खरी अडचण छापायची. खाल्लेल्या रेघेतली शाई कागदावर यायला प्रचंड दाब लागतो. छापखान्यातलं ट्रेडल तो देऊ शकत नाही. सरांनी थोडा विचार केला आणि आम्हाला घेऊन गेले सोनाराकडे. सोन्या-चांदीचा पत्रा ओढायचं दोन रुळांचं हातमशीन त्याच्याकडे होतं. पेढीवर दुपारची सामसूम. शेठ म्हणाले, “मास्तर, शाई माझ्या रुळाला लागली तर गिऱ्हाइकाची चांदी काळी होईल.” तेव्हा सरांनी त्यांना फ्लॉरेन्सची गोष्ट सांगितली. पंधराव्या शतकात तिथे मासो फिनिग्वेर्रा नावाचा एक सोनार होता. चांदीवर नक्षी कोरून त्यात काळा मसाला भरायचं काम तो करायचा, आणि कोरलेलं कसं उतरलंय ते पाहण्यासाठी आधी कागदावर ठसा घ्यायचा. कोरीव पत्र्यावरून छापायची कला तिथून निघाली, असं वासारी या चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या जुन्या इटालियन लेखकाने लिहून ठेवलंय. पुढचे अभ्यासक हे श्रेय एकट्या त्याला द्यायला तयार नाहीत, हे मी नंतर वाचलं. त्या दुपारी मात्र वासारी कामाला आला. “शेठ, ही विद्या तुमच्याच धंद्यातली. आम्ही फक्त मागून नेली,” असं सर म्हणाल्यावर शेठनी गादीवरून उठून स्वतः रुळाचा स्क्रू सैल केला.

पत्र्यावर छापखान्यातली काळी शाई फासली, मलमलीच्या बोळ्याने पुसली, वर ओलसर हातकागद, त्यावर बनातीचा तुकडा. शेठनीच दांडा फिरवला. कागद उचलला तेव्हा दौत, रीळ आणि बाटली उलट्या क्रमाने उभी होती, आणि बाटलीच्या कुशीत असा काळोख होता की आमच्यापैकी कुणीही तो काढलेला नव्हता. शेठनी भिंग लावून पाहिलं, भांड्यांवर नावं घालणाऱ्या माणसाच्या नजरेने. म्हणाले, “रेघ लागली आहे.” मग रूळ रॉकेलने पुसायला आम्हा सगळ्यांना बसवलं. तो छाप सरांनी मला दिला. इतरांना का नाही, यावर वर्गात बरीच कुजबुज झाली होती.

माझं पुढे काय झालं ते थोडक्यात. चित्रकार झाले नाही. इंजिनिअर झाले आणि औषध कंपन्यांच्या पॅकेजिंग विभागात आयुष्य गेलं. शेवटच्या कंपनीत त्या विभागाची प्रमुख झालेली मी पहिली बाई, हे या स्मरणिकेत लिहायला हरकत नसावी. आमच्या धंद्यात बोलोन्याचं नाव रोजचं आहे. गोळ्यांच्या पट्ट्या करणारी, बाटल्या भरणारी, खोकी बंद करणारी जगभरातली पुष्कळ यंत्रं त्या शहराच्या आसपासच्या कारखान्यांत बनतात. यंत्र पाठवण्याआधी गिऱ्हाइकाने तिथे जाऊन चाचणी घ्यायची असते. त्या कामासाठी मी पहिल्यांदा गेले. मध्ये रविवार आला. सोबतचे सगळे फ्लॉरेन्स बघायला गेले, मी व्हिया फोन्दात्सा शोधत निघाले.

गल्ली साधी आहे. त्या शहरात सगळीकडे रस्त्याच्या कडेने कमानींचे व्हरांडे आहेत, तसे इथेही. ३६ नंबरच्या घरात त्याची खोली काचेआडून बघता येते. भिंतीलगत अरुंद पलंग, चित्राची घोडी, टेबलं, आणि बाटल्या, सुरया, पत्र्याचे डबे, फुलदाण्या. पुष्कळशा वस्तूंना त्याने रंग फासून चकाकी मारून टाकली होती. टेबलावरच्या कागदावर कोणती वस्तू कुठे होती त्याच्या पेन्सिलीच्या खुणा. धूळ तो पुसू देत नसे. सरांनी यातलं सगळं सांगितलं होतं. खोली एवढी लहान आहे हे मात्र पुस्तकांवरून त्यांनाही कळलं नसणार. शिवाय तिथे जायला बहिणींच्या खोलीतून वाट होती. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत टांगलेली चित्रं या खोलीत झाली. १९४८ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात इटालियन चित्रकाराचं पहिलं बक्षीस याला, १९५३ साली ब्राझीलमधल्या साओ पाउलोत एचिंगचं मोठं बक्षीस याला, १९५७ साली तिथेच रंगचित्रांचं. आणि हा आपला इथे, खिडकीबाहेरचं तेच अंगण काढत बसलेला.

दुपारी बोलोन्यातल्याच संग्रहालयात कपाटातलं पान प्रत्यक्ष भेटलं. १९२८ सालचं काम, उजवीकडे दिवा असलेलं मोठं स्थिरचित्र. मी काचेच्या इतकी जवळ गेले की पहारेकरी बाई खुर्चीवरून उठल्या. कड कुठेच नव्हती. छापील पानावर जिथे नुसता काळा गोळा दिसायचा तिथे प्रत्यक्षात रेघा मोजता येत होत्या, चार दिशांच्या, आणि त्यांच्या मधून कागद श्वास घेत होता.

तिथल्याच दुकानातून घेतलेल्या पुस्तकात एक गोष्ट वाचली ती सरांनी कधी सांगितली नव्हती. १९२८ सालीच मोरांदीने बोलोन्यातल्या फॅसिस्टांच्या पत्रात स्वतःविषयी एक छोटं टिपण छापलं होतं आणि त्यात फॅसिझमवर आपला विश्वास असल्याचं लिहिलं होतं. पुढे १९४३ साली फॅसिस्टविरोधी मित्रांशी असलेल्या ओळखीमुळे त्यालाच पोलिसांनी पकडून आठवडाभर कोठडीत ठेवलं. मला त्या टिपणाचा त्रास झाला. अजूनही होतो. प्राध्यापकाची खुर्ची त्यानंतर दोनच वर्षांनी आली हेही डोक्यातून जात नाही, जरी त्याचं काम त्या खुर्चीहून मोठं होतं यात मला शंका नाही. सरांना हे माहीत होतं की नव्हतं, मी विचारलं नाही.

हॉटेलवर येऊन सरांना फोन लावला. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, ऐकू कमी येत होतं. घर पाहिलं, खोली पाहिली, दिव्याचं चित्र पाहिलं, असं मी ओरडून सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, “आम्ल कुठलं वापरायचा ते लिहिलंय का तिथे?” तसं काही मी पाहिलं नव्हतं. “बरं, पुन्हा जाशील तेव्हा विचार. आणि जेवलीस का?”

पुन्हा गेले, पण तोवर सर नव्हते.

मागच्या वर्षी माजी विद्यार्थी मेळाव्याला आले तेव्हा वरच्या मजल्यावर जाऊन आले. टाकीशेजारच्या खोलीत आता संगणक आहेत, त्याबद्दल तक्रार नाही, मुलांना ते हवेतच. पण ड्रॉइंगचा तास वेळापत्रकात आहे आणि प्रत्यक्षात दहावीच्या सराव परीक्षेला दिला जातो, असं मुलांनीच सांगितलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारे आहेत, ते दहावीच्या वाढीव गुणांसाठी बसतात आणि बाहेर क्लास लावतात. तीन वस्तू टेबलावर ठेवून महिनाभर त्याच बघायच्या, असं आज कुणी शिक्षकाने केलं तर पालक सभेत काय होईल ते मी सांगायला नको. आमच्या वेळीही झालं होतं. “रोज तीच बाटली काय?” असं एका पालकांनी विचारल्यावर सरांनी बाटली दोन बोटं सरकवली आणि म्हणाले, “घ्या, आज नवीन आहे.” लोखंडी कपाट भंगारात गेलं म्हणतात. दारावरच्या पानाचं काय झालं ते शिपाईमामांनाही सांगता आलं नाही.

सरांच्या मुलीशी माझं बोलणं झालं आहे. निवृत्तीनंतर सरांनी घरी केलेले जस्ताचे पत्रे, दाभणं आणि ते फ्लोरा फाउंटनचं पुस्तक तिने जपून ठेवलंय. शाळा नीट ठेवणार असेल तर ती द्यायला तयार आहे. कोल्हापूरकडे ओतकाम करणाऱ्या एकाकडून मी एचिंगच्या छोट्या यंत्राचा अंदाजही घेतला आहे. यंत्राचा खर्च माझ्याकडे लागला. शाळेने फक्त एक खोली द्यावी, पाण्याचा नळ आणि उघडणारी खिडकी असलेली (आम्लाची वाफ बाहेर जायला हवी), आणि आठवड्यातला एक तास, जो सराव परीक्षेला दिला जाणार नाही. मुख्याध्यापकांना वेगळं पत्र पाठवलंच आहे. ते फाइलीत राहू नये म्हणून इथेही लिहिते आहे.